मापात राहा : वैशाखातलं लग्न, चमकणारा कोट आणि सुपर १५० चा शिक्का

लग्नसराई आणि ऊन आपल्याकडे हातात हात घालूनच येतं, त्यामुळे या वेळी आलेल्या प्रश्नांत कोट-सूटच जास्त. काही पत्रं लांबलचक होती ती थोडी कापली आहेत, आता कात्री हातात असली की सवय जात नाही, पण मतलब तोच ठेवलाय.

मास्तर, माझं लग्न मे महिन्यात आहे, वर्धा रोडवरच्या लॉनवर, संध्याकाळचा मुहूर्त. घरच्यांना नेव्ही ब्लू वेल्वेटचा थ्री-पीस पाहिजे, कुठल्यातरी रीलमध्ये पाहिलाय. मला तर आत्ताच घाम फुटतोय. नाही कसं म्हणू आणि त्याऐवजी काय शिवू? — होणारा नवरदेव, मनीषनगर

भाऊ, घरच्यांना सांगा की नवरदेव बोहल्यावर उभा राहिलेला बरा, आडवा झालेला नाही. वेल्वेटला उभी लव असते, त्या लवीत हवा अडकते, म्हणून तर ते थंडीत ऊब देतं, आणि बाजारात जे परवडणारं वेल्वेट मिळतं ते बहुतेक पॉलिस्टरचं, त्याखाली पॉलिस्टरचंच अस्तर, मध्ये छातीला पेस्टिंग म्हणजे गोंदाने चिकटवलेला थर, आणि वरून वेस्टकोट म्हणजे कापड-अस्तराची अजून एक जोडी. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो आणि सूर्य मावळला तरी जमीन तापलेलीच राहते, लॉनवरच्या कुलरची हवा स्टेजपर्यंत येते न येते, तोंडावर व्हिडिओवाल्याचा लाइट, आणि तुम्हाला तीन तास हसत उभं राहायचंय!

त्याऐवजी ट्रॉपिकल वूल बघा. वूल म्हटलं की लोकांना स्वेटर आठवतो आणि दुकानातूनच परत फिरतात, पण सगळा खेळ विणीचा आहे. धागा चांगला पिळदार असला आणि वीण साधी म्हणजे एक वर एक खाली अशी असली की मध्ये बारीक छिद्रं राहतात आणि वारा आरपार जातो. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत ओल आत घेते तरी हाताला ओली लागत नाही, हे पॉलिस्टरला जमत नाही, घाम तिथेच राहतो. दुकानात कापड उजेडासमोर धरा, ठिपके ठिपके उजेड दिसला पाहिजे. मग ओठाला लावून फुंकर मारा, पलीकडे ठेवलेल्या तळहाताला हवा लागली तर ठीक. मग मुठीत घट्ट चुरगळा आणि सोडा, चांगलं पिळदार कापड लगेच मोकळं होतं, सुरकुत्या तशाच राहिल्या तर दुसरं दाखवा म्हणा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू द्या, पैसे तुमचे आहेत. वजन विचारा, जीएसएम म्हणतात त्याला, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, २३० ते २५० च्या आसपासचं घ्या, फारच हलकं घेतलं तर पँट पायाला चिकटते आणि कोटाला बसणी येत नाही.

अस्तर अर्धं लावायला सांगा. म्हणजे पाठीत खांद्याखाली मोकळं, फक्त खांदे, बाह्या आणि पुढची बाजू. बाहीत अस्तर लागतंच, नाहीतर शर्टावर कोट सरकत नाही. अस्तर व्हिस्कोसचं घ्या, क्युप्रो मिळालं तर उत्तम, तो कापसाच्या सरकीवरच्या बारीक तंतूपासून बनतो आणि पॉलिस्टरपेक्षा खूपच थंड लागतो. एक गोष्ट टेलर सांगत नाहीत, अर्ध्या अस्तराच्या कोटाला आतून सगळ्या शिवणी दिसतात म्हणून त्या पट्टी लावून झाकाव्या लागतात, त्यामुळे काम कमी नाही, उलट वाढतं. तेव्हा अस्तर कमी म्हणून शिलाई कमी करा अशी घासाघीस करू नका.

वेस्टकोटाचा हट्ट असेलच तर त्याची पाठ अस्तराच्याच कापडाची करा, वरती सुटाचं कापड नको. जेवणाच्या वेळी कोट काढून नुसत्या वेस्टकोटवर फिरता येतं, फोटोही चांगले येतात. कापड ५८ इंची पन्ह्याचं म्हणजे रुंदीचं असेल तर दोन पीसला ३ ते सव्वातीन मीटर, तीन पीसला पावणेचार ते ४ मीटर धरा.

आणि सूटच काऊन पाहिजे म्हणतो मी? भंडारा जिल्ह्यातला कोसा म्हणजे टसर रेशीम आपल्या हाताशी आहे, मोहाडी-आंधळगावकडचे विणकर करवतकाठी साड्यांसाठी नावाजलेले, त्याच कोशाचा बंदगळा शिवा. त्याचा मूळ मधाळ सोनेरी रंग संध्याकाळच्या लाइटात असा काही दिसतो की नेव्ही ब्लू विसरून जाल. फक्त टेलरला आधीच सांगा की कोशाचे धागे शिवणीपाशी सरकतात, विशेषतः काखेत आणि पाठीच्या मधल्या शिवणीला, तेव्हा आतून पातळ सुती कापडाचा आधार द्यायचा, माया म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड जास्त ठेवायचं आणि कोट अंगाला आवळून नाही बसवायचा. ज्या टेलरने कधी कोसा कापला नाही त्याला तुमच्या लग्नात प्रयोग करू देऊ नका.

गांधीबागेत दोन दुकानं फिरलो. एकाने सुटाचं कापड सुपर १२० म्हणून दाखवलं, दुसऱ्याने सुपर १५०, आणि भाव पहिल्याच्या निम्मा! दोन्हीच्या काठावर छापलेलं होतं. दुसरं घेऊन टाकू ना? — बँकवाला, त्रिमूर्तीनगर

थांबा जी थोडं. सुपरचा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा असतो, बाकी कशाचाच नाही. सुपर १०० ला तंतू जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन जाड, १२० ला १७.७५, १५० ला १६.२५, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आकडा वाढला तसा तंतू बारीक आणि कापड मऊ, पण घासायला नाजूक. तुम्ही दिवसभर खुर्चीत बसणार, बाइकवर येणार-जाणार, तुमच्या पँटचं बूड १५० मध्ये लवकर विरेल. रोजच्या वापराला १०० ते १२० भरपूर झालं, १५० वर्षातून चार वेळा घालायच्या सुटाला ठीक.

आता भावाचं. हा आकडा फक्त लोकरीलाच लावायचा असा आंतरराष्ट्रीय लोकर व्यवसायाचा नियम आहे, पण काठावर शाईने छापायला कोण अडवतं? खऱ्या १५० च्या लोकरीचा भाव १२० पेक्षा निम्मा असणं जमत नाही, बहुतेक ते टीआर असणार, म्हणजे पॉलिस्टर-व्हिस्कोस. बघायचं असेल तर नमुन्याचा तुकडा मागून घ्या, घरी फरशीवर बसून त्याचे उभे धागे वेगळे आणि आडवे वेगळे काढा (दोन्ही एकच असतील असं नाही, कधीकधी उभ्यात एक आणि आडव्यात दुसरं घातलेलं असतं), चिमट्यात धरून काडी लावा. लोकर सहजासहजी पेट घेत नाही, कुरळी होत जळते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिस्टर ज्योतीपासून लांब आकसतं, वितळतं आणि काळा कडक मणी राहतो. कागद जळल्याचा वास पण आला आणि मणी पण राहिला की समजा टीआर. थंड व्हायच्या आत त्या मण्याला बोट लावू नका.

टीआर वाईट असतं असं माझं म्हणणं नाही हां, घरी धुता येतं, इस्त्री टिकते, निम्मं नागपूर तेच घालून ऑफिसला जातं. फक्त टीआर टीआरच्या भावात घ्या.

हायकोर्टात ज्युनिअर आहे. दोन वर्षांत काळ्या कोटाची कोपरं चमकायला लागली आणि छातीवर कापडाला फुगे आले. ड्रायक्लीनवाला म्हणतो शिलाई खराब, टेलर म्हणतो ड्रायक्लीन खराब. पुढचा कोट कसा सांगू? — ज्युनिअर वकील, सिव्हिल लाइन्स

वकीलसाहेब, दोन्ही पक्षांचं थोडं थोडं खरं आहे, निकाल तुम्हीच लावा. छातीला आकार यावा म्हणून कापडामागे एक थर लागतो. स्वस्तात तो गोंद लावलेला असतो, गरम दाबाने चिकटवतात, त्यालाच पेस्टिंग किंवा फ्युजिंग म्हणतात. दाब आणि उष्णता नीट मिळाली नाही, म्हणजे मशीनऐवजी नुसती हातइस्त्री फिरवली, तर दोन-चार ड्रायक्लीनमध्ये गोंद जागोजागी सुटतो आणि वरचं कापड फुगतं. त्यावर कायमचा इलाज नाही, ओलं फडकं ठेवून दाबलं तर आठवडाभर बसेल, मग पुन्हा तेच.

पुढच्या वेळी हाफ कॅनव्हास सांगा. त्यात छातीपासून खिशापर्यंत जनावराचे केस विणलेला कॅनव्हास गोंदाने नाही तर सैल टाक्यांनी बसवतात, त्यामुळे तो कापडाबरोबर हलतो आणि छातीवर फुगे यायचा प्रश्न बहुतेक येत नाही. टेलरने खरंच लावलाय का ते बघायला छातीपाशी, लॅपेलच्या म्हणजे पुढे दुमडलेल्या पट्टीच्या जरा बाजूला, पुढचं कापड एका चिमटीत आणि आतलं अस्तर दुसऱ्या चिमटीत धरून हलकेच वेगळं ओढा, मध्ये तिसरा थर सुटा फिरताना लागला तर कॅनव्हास आहे, वरचं कापडच पुठ्ठ्यागत कडक लागलं तर पेस्टिंग. महाग पडतो, शिवायला वेळही लागतो, पण जो कोट रोज अंगावर राहणार तिथेच पैसा घालायचा नाही तर कुठे?

चमक येते ती घासून आणि उलट्या-सुलट्या इस्त्रीने. टेबलावर कोपरं टेकवायचं तर तुम्ही बंद करणार नाही, मग निदान काळ्यावर थेट इस्त्री फिरवू नका, मध्ये जुन्या धोतराचा ओलसर तुकडा ठेवा. गॅबर्डीनसारखी तिरकी गुळगुळीत वीण आणि साटिन विणीचं कापड लवकर चमकतं, साध्या विणीचं उशिरा, आणि पॉलिस्टर जितकं जास्त तितकी चमक हट्टी.

बार कौन्सिलच्या नियमांत उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नाही, पण सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून! म्हणजे तिथेच सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयात जाणारे तुमचे मित्र नुसत्या पांढऱ्या शर्टावर बँड लावून फिरणार आणि तुम्ही कोटात. म्हणून दोन कोट ठेवा, एक उन्हाळी साध्या विणीचा अर्ध्या अस्तराचा, एक बाकी वर्षाचा, आळीपाळीने घातले तर दोन्ही जास्त टिकतात. कोटाबरोबर काळी पँट घेत असाल तर दोन पँटी एकाच वेळी एकाच ताग्यातून शिवून घ्या, कारण पँट आधी जाते आणि नंतर आणलेला काळा पहिल्या काळ्याशी जुळत नाही. काळ्यात किती काळे असतात ते उन्हात गेल्यावर कळतं.

आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती काखेची गोलाई, वर ठेवायला सांगा. मोकळा राहावा म्हणून लोक मुंढा खाली घ्यायला लावतात, पण मग हात वर केला की अख्खा कोट वर येतो, कॉलर मानेला लागते. वरचा मुंढा पहिले दोन दिवस काखेत जाणवतो, नंतर हात नुसता हात म्हणून हलतो. फायली उचलणाऱ्याला हे फार उपयोगी.

आमच्या ह्यांचं पोट सुटलंय पण मानायचं नाही. माप देताना श्वास रोखून उभे राहतात, मग शर्टाची मधली बटणं ताणतात आणि पँट पोटाखाली घसरते. दर वेळी टेलरशी भांडण. काय सांगायचं त्याला? — एक गृहिणी, महाल

वहिनी, टेलरला काही सांगू नका, टेप फिरत असताना ह्यांना काहीतरी विचारा. साधं विचारा, गॅसवाल्याला फोन केला का. उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो, चांगला मास्तर तेवढ्यात पोटाचं माप घेऊन मोकळा होतो. आम्ही सगळे हेच करतो, फक्त बोलत नाही.

मापं दोन घ्यायला लावा, उभ्याने आणि खुर्चीत बसून. बसल्यावर पोटाचं माप वाढतं आणि बटणं तेव्हाच ताणतात. पँट पोटाखाली बांधली की ती घसरणारच कारण खाली धरायला काही नाही, कंबर बेंबीच्या जरा खाली घ्या, बैठक म्हणजे राइज त्या हिशेबाने वाढवा, पुढे एक-एक प्लेट म्हणजे चुणी द्या, त्यामुळे बसताना खिसे फाकत नाहीत. सस्पेंडर लावायची लाज नसेल तर त्यासारखं सुख नाही, पण ते ऐकतील असं वाटत नाही. शर्टाच्या पाठीत डार्ट म्हणजे कापड आवळणारी टीप नको, पुढचा घेर मोकळा आणि पुढची लांबी मागच्यापेक्षा इंचभर जास्त ठेवा, कारण पोट कापड वर ओढतं आणि मग शर्ट पुढून आखूड दिसतो. आडव्या-उभ्या मोठ्या चौकड्या टाळा, पोटावर चौकडी कशी वाकते ते लांबूनही कळतं. पँटच्या मागच्या शिवणीत दोन इंच माया ठेवायला सांगा, श्रावणातले उपास संपून दिवाळी आली की लागतेच.

कापडही जास्त लागतं हे धरून चला. ५८ पन्ह्याचं शर्टाचं कापड साधारण माणसाला १.६० मीटर पुरतं, तुमच्याकडे १.८० ते २ मीटर घ्या. पँटला १.२० ते १.३० म्हणतात, तिथे दीड घ्या. उरलं तर उशीचा अभ्रा होईल, कमी पडलं तर भांडण.

पांढऱ्या शर्टातून बनियन दिसतं. जाड कापड घेतलं तर गरम होतं. — मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह, सदर

जाड नाही, दोन पदरी सुताचं घ्या. काठावर २/८० किंवा २/१०० असं असतं त्यातला २ म्हणजे दोन पदर पिळलेला धागा. अंगाने पातळच असतं पण वीण भरीव असते. तळहातावर कापडाचा एकच थर ठेवून बघा, हाताच्या रेषा दिसल्या तर बनियन पण दिसेल. आणि बनियन पांढरं घालू नका, राखाडी किंवा फिकट तपकिरी घाला, पांढऱ्याखाली पांढरंच सगळ्यात जास्त उठून दिसतं.

लिननचा शर्ट हौसेने शिवला, दुसऱ्या धुण्यात बाही मनगटाच्या वर गेली. आता खादीचे दोन कुर्ते शिवायचेत, तेही असेच आटतील का? — प्राध्यापक, रामदासपेठ

न भिजवता शिवले तर हो, नक्की आटतील. सर, सुती, लिनन, खादी यातलं काहीही टेलरकडे टाकायच्या आधी घरी साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा, पिळू नका, सावलीत आडवं वाळत घाला, थोडं ओलसर असतानाच इस्त्री करा. खादीला हे दोनदा करा, हातसूत सैल असतं, पहिल्या पाण्याने सगळं आटत नाही. गडद रंग असेल तर पाण्याचा रंग बघून घ्या, रंगीत झालं तर तो कुर्ता वेगळाच धुवायचा. टेलरकडे "भिजवून घ्या" सांगितलं की तो हो म्हणतो, पण त्याच्याकडे भिजवायला बादली आणि वाळवायला दोरी आहे का ते आधी बघा. लोकरीचं कापड मात्र बुडवू नका, त्याला टेलरकडे वाफ देतात.

पन्हा नक्की विचारा. खादीचा पन्हा बरेचदा ३६ इंची असतो, त्यात पूर्ण बाहीच्या गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला ३ मीटरच्या आसपास जातं, आटायचं अजून थोडं वर धरा. ५८ च्या हिशेबाने दोन मीटर घेऊन आलात तर त्यात बंडीच होईल. वर्ध्याला जाणं झालं तर मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगातली खादी बघा, नीळ आणि कातेचे रंग डोळ्याला इतके निवांत वाटतात.

गंमत आहे बघा, १८७७ साली जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल नागपुरात काढली ती इथल्या कापसासाठी, आजही आजूबाजूला कापूसच पिकतो, आणि आपण ४५ डिग्रीत टेरिकॉट घालून घाम पुसतो. इस्त्रीचा कंटाळा, दुसरं काय. लिननला सुरकुत्या पडणारच, नको असतील तर लिनन-कॉटन मिक्स घ्या.

आम्ही ट्रायलला जातच नाही, थेट घ्यायला जातो. ट्रायलमध्ये बघायचं तरी काय? — दोघं भाऊ, सक्करदरा

खांदा. बाकी सगळं उसवून नीट होतं, खांदा चुकला की कोट पुन्हा कापावा लागतो म्हणून सुटाची पहिली ट्रायल कच्च्या टाक्यावरच घ्या, अस्तर लागायच्या आधी. खांद्याची शिवण तुमच्या हाडाच्या टोकावर संपली पाहिजे, पुढे लटकली तर लगेच बोला. मग दोन्ही हात वर करा, खुर्चीत बसा, वाकून बुटाची नाडी बांधा, मोबाइल जिथे ठेवता तिथे ठेवून आरशात बघा. कोटाच्या बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसू द्या. चौकडीचं कापड असेल तर खिशावरची रेघ आणि पुढच्या दोन्ही पल्ल्यांवरची रेघ एकमेकींना भेटते का ते बघा (त्यासाठी पाव मीटर कापड जास्तीचं दिलेलं असलं पाहिजे, दिलं नसेल तर टेलरला बोलू नका). पँटची लांबी बघायला जो बूट त्या दिवशी घालणार तोच घालून जा, सँडल घालून माप दिलं की पँट बुटावर वेगळीच पडते. आणि बिलावर डिलिव्हरीची तारीख लिहून घेताना कार्यक्रमाच्या किमान आठ दिवस आधीची घ्या, मे महिन्यात तर पंधरा, कारण तेव्हा कारागीर पण गावाकडे लग्नाला गेलेले असतात.